वटवाघळांविषयी थोडेसे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. व्यासपीठावर उभे राहण्याची सवय नाही. तेव्हा बोलताना काही कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे, ही विनंती.

विषय मी आपल्या मनाने निवडलेला नाही. मागल्या सभेत तो आपल्यातूनच निघाला. शाळेच्या वाटेवर जो जुना वड आहे, त्यावर दिवसभर वटवाघळे टांगलेली असतात. त्याखालून आपली मुले जातात. काही जणींचे म्हणणे पडले की, ह्या जनावरांपासून रोग येतात, तेव्हा वडाखाली मिरच्यांचा धूर करून ती हाकलावी, नाहीतर फांद्याच उतरवाव्या. दुसऱ्या काही जणी म्हणाल्या, वडाला हात लावू नये. वाद वाढला तेव्हा अध्यक्षीणबाई मला म्हणाल्या, "तुमची भाची पुण्याला प्राणिशास्त्र शिकते ना? तिला नीट विचारा आणि वर्धापनदिनी आम्हां सर्वांना सांगा. मग काय ते ठरवू." त्याप्रमाणे मी तिला विचारले, तिने आणून दिलेले वाचले, न कळलेले पुन्हा विचारले. त्यातले मला जे समजले ते आपल्यापुढे ठेवते.

पहिल्याने वटवाघूळ म्हणजे काय ते पाहू. ते उडते, पण पक्षी नव्हे. त्याला पिसे नाहीत, चोच नाही, ते अंडी घालीत नाही. त्याची मादी पिलाला जन्म देते आणि अंगावर पाजते. गाय, मांजर आणि आपण ज्या वर्गात येतो त्याच वर्गातले ते आहे. त्याचे पंख म्हणजे त्याचे हातच. आपल्या हाताची बोटे वीत-दीड वीत लांब वाढली आणि त्यांच्यामधून पातळ कातडे ताणून बसवले तर जसे दिसेल, तसा तो पंख असतो. अंगठा मोकळा असतो, त्याला नखी असते. जगात वटवाघळांच्या चौदाशेंहून अधिक जाती आहेत, आणि त्यांपैकी सव्वाशेच्या वर आपल्या भारतात आहेत.

ह्यांचे ढोबळ मानाने दोन प्रकार. मोठी असतात ती फळे, फुले आणि त्यांचा रस खाणारी. आपल्या वडावर टांगलेली ती हीच. त्यातल्या मोठ्या नराचे पंख पसरले तर चार फुटांपर्यंत भरतात. दुसरी लहान, ज्यांना आपण पाकोळ्या म्हणतो, ती किडे खाणारी. संध्याकाळी दिवेलागणीला अंगणात गिरक्या घेतात त्या ह्याच. त्यातल्या काहींचे वजन पाच ग्रॅमही भरत नाही. एवढा जीव रात्रीतून आपल्या वजनाच्या निम्म्याइतके किडे फस्त करतो. त्यात डास असतात, आणि कांद्या-बाजरीवर अंडी घालणारे पतंगही असतात. आणखी एक मोठ्या कानांची जात पडक्या घरांत आणि जुन्या विहिरींत राहते. ती किड्यांबरोबर बेडूक, पाली आणि उंदीरही धरून खाते. ज्यांच्या कणगीला उंदीर लागतात त्या बायांनी हे ऐकून ठेवावे.

आता ह्यांना धरून अभ्यास कसा करतात ते सांगते. मला स्वतःला ह्याचे मोठे नवल वाटले. भाचीने दिवाळीत आमच्या ओसरीवर चुलतभावाची पतंगाची दोरी आणि दोन काठ्या घेऊन ते दाखवले, म्हणून मला समजले.

रात्री उडणारे जनावर धरायचे म्हणजे त्याच्या वाटेत जाळे लावावे लागते. हे जाळे केसासारख्या बारीक धाग्याचे असते. दोन बांबूंमध्ये ते पडद्यासारखे ताणतात. लांबी सहा मीटरपासून बारा मीटरपर्यंत, उंची सुमारे अडीच मीटर. त्यात आडवे दोर असे घेतलेले असतात की जाळ्याला ठिकठिकाणी झोळ पडतात. वटवाघूळ जाळ्यावर आदळले की त्या झोळीत पडते. त्यानंतर माणसाने डोळ्यात तेल घालून बसायचे. जाळे लावून घरी जाऊन झोपले असे चालत नाही. दर थोड्या वेळाने पाहायचे, सापडलेला जीव गुंत्यातून हलक्या हाताने सोडवायचा आणि सुती पिशवीत ठेवायचा. दुसरे साधन म्हणजे चौकट. दोन चौकटी एकामागे एक उभ्या करतात आणि त्यांत मासे धरण्याच्या गळाची दोरी उभी उभी ताणून बसवतात. पहिल्या दोऱ्यांतून वटवाघूळ निसटते, पण दुसऱ्यांना अडून अलगद खालच्या कापडी झोळीत उतरते. त्याला इजा होत नाही.

धरल्यावर त्याचे वजन करतात. कोपरापासून मनगटापर्यंतचे हाड मिलिमीटरमध्ये मोजतात, कारण जात ओळखायला ते माप फार उपयोगी पडते. नर की मादी, तरणे की वयस्क, हे लिहून घेतात. काही वेळा खूण म्हणून बारीक कडी घालतात. मग जिथे धरले तिथेच सोडून देतात. गाभण मादी किंवा पोटाशी पिलू असलेली मादी सापडली तर तिला सगळ्यांच्या आधी सोडतात. हे ऐकून मला बरे वाटले. हे काम करणाऱ्यांनी वनखात्याची परवानगी घेतलेली असते, पिसाळल्याच्या रोगाची लस आधीच टोचून घेतलेली असते, हातात जाड मोजे आणि तोंडावर फडके असते. शिकलेली माणसे एवढी काळजी घेतात, तर आपल्या मुलांनी उघड्या हाताने धरू नये हे उघडच झाले.

जाळे लावायचे कुठे, हा खरा प्रश्न. जंगलात झाडांच्या मधल्या वाटेवर लावतात, गुहेच्या तोंडाशी लावतात. पण वाळवंटात? तिथे झाडी नाही, वाट नाही, सगळीकडे मोकळे आकाश. तिथे हे लोक पाण्यापाशी जातात. एखादे डबके, एखादा तलाव असेल तिथे जाळे लावून बसतात. कारण वटवाघूळ उडता उडताच पाणी पिते. पाण्यावरून खाली येते, जिभेने एक घोट टिपते आणि वर जाते. जिथे पाणी थोडे, तिथे आसपासची सगळी त्याच एका पाण्यावर येतात. पाणी कोणी भरून ठेवले, कोणी झाकले, कोणी उपसले, ह्यावर त्या जिवांचे राहणे अवलंबून असते. भगिनींनो, हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. आणे, पेमदरा, नळवणे, शिंदेवाडी, हे आपले सारे पठार पावसाच्या आडोशाला पडलेले. सह्याद्रीवर ढग रिकामे होतात आणि आपल्याकडे नुसता वारा येतो. टँकर आला की आपण सगळ्या कळश्या घेऊन एका जागी जमतो. तसेच ते.

राजस्थानात जोधपूरला कोरड्या प्रदेशाचा अभ्यास करणारी सरकारी संस्था १९५९ सालापासून आहे. तिथे ईश्वर प्रकाश नावाच्या शास्त्रज्ञांनी थरच्या वाळवंटातल्या प्राण्यांचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवले. त्या भागातल्या जुन्या किल्ल्यांत आणि पडक्या वाड्यांत एक वटवाघूळ राहते. त्याला उंदरासारखी लांब, मोकळी शेपटी असते. वाळू नाकात जाऊ नये म्हणून त्याला नाकपुड्या मिटता येतात. पावसाळ्यात किडे भरपूर असतात तेव्हा ते खाऊन खाऊन शेपटीच्या बुडाशी आणि पोटावर चरबी साठवते. मग थंडीत किडे मिळेनासे झाले की त्या साठ्यावर निपचित पडून दिवस काढते. आपण उन्हाळ्यात सांडगे, पापड, कुरडया करून डबे भरतो, तशीच ही त्याची बेगमी. त्याचीच एक लहान जात महाराष्ट्राच्या कोरड्या भागातही आहे.

ही लहान वटवाघळे अंधारात आदळत कशी नाहीत, हे कोडे माणसाला पुष्कळ वर्षे सुटले नव्हते. १७९३ साली इटलीतल्या स्पालान्झानी नावाच्या पंडिताने पाहिले की डोळे झाकले तरी ती नीट उडतात. पुढे दुसऱ्याने कान बंद करून पाहिले, तर ती भिंतीवर आदळू लागली. पण तोंडातून तर काही आवाज ऐकू येत नाही, मग कान कशाला लागतो? लोकांनी ती गोष्ट थट्टेवारी नेली. शेवटी १९३८ साली अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन नावाच्या विद्यार्थ्याने नव्या यंत्रापुढे वटवाघूळ धरले तेव्हा उलगडा झाला. ते सारखे ओरडत असते, पण तो आवाज इतका बारीक की आपल्या कानाला कळत नाही. समोरच्या वस्तूवरून त्याचा प्रतिध्वनी येतो, त्यावरून त्याला झाड, भिंत, किडा सगळे कळते. म्हणून ते आपल्या केसांत अडकते म्हणतात ते खरे नव्हे. ज्याला केसाएवढी तार अंधारात चुकवता येते, त्याला आपले डोके दिसत नाही होय! आपल्या डोक्याभोवती डास घोंघावतात, त्यांच्यासाठी ते जवळ येते, इतकेच. वडावरची मोठी वटवाघळे मात्र डोळ्यांनी पाहतात आणि नाकाने वास घेतात.

ती रक्त पितात, हाही एक समज. रक्तावर जगणाऱ्या तीन जाती आहेत, पण त्या अमेरिका खंडात. आपल्या देशात एकही नाही. सांधेदुखीवर वटवाघळाचे तेल चोळावे म्हणून काही जण त्यांना मारतात. त्या तेलाने गुण येतो ह्याला पुरावा नाही. आमच्या सासूबाई म्हणत, वाघूळ घरात शिरले की घराला बरे नाही. त्यांचा मी मान राखते. पण घरात शिरणारे वाघूळ बहुतेक वेळा किड्यामागे आलेले किंवा वाट चुकलेले पिलू असते. दिवा मालवावा, दारे-खिडक्या उघडाव्या आणि आपण बाजूला व्हावे. ते आपल्या वाटेने निघून जाते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. रोगाचे काय? ज्या बहिणींनी ही भीती बोलून दाखवली, त्यांना कोणी हसू नये. भीती निराधार नाही.

निपा नावाचा विषाणू प्रथम १९९८-९९ साली मलेशियात माणसांत दिसला. आपल्या देशात २००१ साली बंगालमध्ये सिलिगुडीला आणि २०१८ साली केरळात कोझिकोडकडे त्याची साथ आली, माणसे दगावली. हा विषाणू फळे खाणाऱ्या वटवाघळांच्या अंगात असतो, आणि त्यांना त्याचा फारसा त्रास होत नाही. बांगलादेशात लोक शिंदीच्या झाडाला रात्री मडके लावून रस काढतात. त्या रसावर वटवाघळे येऊन जिभा लावतात, मुततात, आणि तो कच्चा रस सकाळी प्यायल्याने रोग झाला, असे तिथे दिसून आले. मग मडक्यावर बांबूच्या चटईचा आडोसा बांधून पाहिला. त्याने वटवाघळे रसापर्यंत पोहोचेनाशी झाली.

आपल्या महाराष्ट्रातही तपास झाला आहे. पुण्याला राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. ती १९५२ साली स्थापन झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेत जाळी लावून वटवाघळे धरली आणि तपासली. त्यांतल्या काहींच्या रक्तात निपाच्या विरुद्ध तयार झालेली प्रतिकारद्रव्ये सापडली. ही गोष्ट २०२१ साली जाहीर झाली, तेव्हा आपल्याकडे किती घबराट उडाली ते आठवत असेल. प्रतिकारद्रव्ये सापडली म्हणजे तो विषाणू कधीतरी त्या जनावराच्या अंगात येऊन गेला होता, ह्याची खूण. त्यापासून तिथल्या कोणा माणसाला रोग झाला, असा त्याचा अर्थ नव्हे. पण सावध राहावे, असा अर्थ जरूर आहे. करोनाच्या सुरुवातीलाही, एप्रिल २०२० मध्ये, ह्याच संस्थेने दुसऱ्या राज्यांतल्या वटवाघळांत निराळ्या जातीचे करोना विषाणू सापडल्याचे सांगितले. मात्र त्यांपासून माणसाला रोग होतो असा पुरावा नाही, हेही सांगितले होते. पहिले वाक्य सगळीकडे पसरले आणि दुसरे मागे राहिले.

आता माझे सांगण्याचे मुख्य ते हे. रोग येईल म्हणून त्यांना हाकलावे, तर रोगाची भीती कमी होत नाही, उलट वाढते. ऑस्ट्रेलियात असाच एक विषाणू आहे, हेन्ड्रा त्याचे नाव. तो वटवाघळांकडून घोड्यांना आणि घोड्यांकडून माणसांना होतो. तिथल्या शास्त्रज्ञांनी पंचवीस वर्षांची माहिती गोळा केली आणि २०२२ साली प्रसिद्ध केली. त्यात असे दिसले की, जंगल तुटत गेले, थंडीत ज्या झाडांच्या फुलांवर ती जगत ती झाडे राहिली नाहीत, तेव्हा ती घोड्यांच्या कुरणांत आणि वस्तीत येऊन राहू लागली. भुकेने आणि दगदगीने त्यांच्या अंगातून विषाणू जास्त बाहेर पडू लागला. ज्या थंडीत रानातली झाडे भरपूर फुलली, त्या थंडीत ती रानात गेली आणि रोग घोड्यांपर्यंत आला नाही.

हे परदेशचे झाले. पण आपल्या जुन्नर तालुक्याला तर असला धडा घरबसल्या मिळाला आहे. बिबट्याची गोष्ट आठवा. उसात बिबटे वाढले, तेव्हा पिंजरे लावून ते धरले आणि दूरच्या जंगलांत नेऊन सोडले. लोकांना वाटले, सुटलो. पण २००१ ते २००३ च्या सुमारास माणसांवरचे हल्ले फार वाढले. पुढे विद्या अत्रेय ह्या संशोधक बाईंनी अभ्यास केला तेव्हा दिसले की, धरून अनोळखी जागी सोडलेले जनावर बिथरते, आणि जिथे सोडले त्याच्या आसपास हल्ले वाढतात. आज माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. आणि संध्याकाळी मुलांना एकटे सोडू नये, शेळ्या-मेंढ्या बंद गोठ्यात ठेवाव्या, हे आपल्या घराघरांत कळले आहे. नुसता धरून काही साधले नाही, धरून जाणून घेतले तेव्हा साधले. मग वाघळांच्या बाबतीत आपण पुन्हा पहिल्यापासून का सुरुवात करावी?

धुराचे म्हणाल तर आणखी एक गोष्ट सांगते, ती आपण आया म्हणून ऐकावी. ह्या मोठ्या वटवाघळाच्या मादीला वर्षाला एकच पिलू होते, आणि ते साधारण फाल्गुन-चैत्राच्या सुमारास. पहिले काही आठवडे ती पिलाला पोटाशी धरूनच उडते. पुढे ते जड झाले की झाडावर टांगून चारा शोधायला जाते आणि पहाटे येऊन पाजते. आपण धूर करणार तो उन्हाळ्यातच, कारण तेव्हाच पाला वाळलेला असतो. म्हणजे तो नेमका लेकुरवाळ्यांवर होणार. आया उडून जातील आणि पिले खाली पडतील. ती पडलेली पिले आपलीच मुले कुतूहलाने हाताळतील. ज्या रोगाला भिऊन धूर केला, त्याच्या जवळ आपणच मुलांना नेले, असे होईल. एवीतेवी उन्हाळा त्यांना कठीणच जातो. भर दुपारी ती पंखांनी वारा घेतात. तहान लागली की पाण्याला पोट लावून उडतात आणि मग झाडावर बसून ओले केस चाटतात.

आणि तो वड कोणाचा? ज्येष्ठात वटपौर्णिमेला आपण त्याला सूत गुंडाळतो, फेऱ्या घालतो. पण वड, पिंपळ, उंबर ही झाडे कोणी आळे करून फारशी लावीत नाही. त्यांची फळे पाखरे आणि वटवाघळे खातात, लांब जाऊन बी टाकतात, आणि ते कुठे भिंतीच्या भेगेत, कुठे खडकात रुजते. वटवाघूळ ह्या नावातच वट आहे. मोह, काटेसावर, गोरखचिंच ह्यांच्या फुलांवरही ती येतात. गोरखचिंचेची फुले तर रात्रीच उमलतात. त्यांचा पराग एका झाडाहून दुसऱ्या झाडावर नेण्याचे काम वाघळे करतात.

आपले सह्याद्रीचे मुलूख ह्या बाबतीत मोठे भाग्यवान आहेत. बेळगाव जिल्ह्यात तळेवाडीजवळ बारापेडे नावाच्या गुहा आहेत. तिकडे आपली मराठी माणसे राहतात. १९१२ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या प्रेटर साहेबांना तिथे एक लांब कानांचे वटवाघूळ सापडले. पुढे कित्येक दशके साऱ्या जगात त्याचा हा एकच ठिकाणा माहीत होता. त्या रानाला २०११ साली भीमगड अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले, त्याला हे वटवाघूळही एक कारण झाले. दुसरी गोष्ट त्याच सोसायटीची. १९४८ साली मदुरेकडच्या डोंगरांत धरलेले एक वटवाघूळ त्यांच्या संग्रहात नेहमीच्या जातीची चिठ्ठी लावून पडून होते. १९७२ साली थायलंडच्या किट्टी थोंगलोंग्या ह्या अभ्यासकांनी ते नीट पाहिले, तर ती एक अगदी निराळी जात निघाली. तिला त्यांनी आपल्या सलीम अलींचे नाव दिले. चोवीस वर्षे ती खणात असून कोणाला ओळखता आली नव्हती. आपल्या तालुक्यात लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी मिळून दोनशेच्या आसपास लेणी आहेत. त्यांच्या अंधाऱ्या खोल्यांत लटकणाऱ्या पाकोळ्या आपण लहानपणापासून पाहिल्या, पण त्या किती प्रकारच्या, हे आपल्यापैकी कोणी विचारले?

कायद्याचेही सांगते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बहुतेक फळखाऊ वटवाघळांना कावळे-उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत घातले होते. २०२२ साली कायदा दुरुस्त झाला आणि ती उपद्रवी प्राण्यांची वेगळी यादीच काढून टाकली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तेव्हा मनास येईल तसे मारावे, असा आता समज नको.

नारायणगावकडच्या ज्या बायांच्या घरी द्राक्षबाग आहे, त्या म्हणतील, "बाई, तुम्हांला बोलायला काय जाते? आमचे घड खातात ना!" त्यांचे नुकसान खरे आहे, ते मी नाकारीत नाही. बागेवर जाळी घालावी, पण ती बारीक छिद्रांची आणि ताठ ओढलेली असावी. ढिली, मोठ्या छिद्रांची जाळी टाकली की तिच्यात वाघूळ गुंतून मरते, आणि ते मेलेले सोडवायला पुन्हा आपल्याच माणसाला हात घालावा लागतो.

आता मंडळापुढे माझी सूचना ठेवते. वडाला हात लावू नये, धूर करू नये. त्याऐवजी आपण आपल्या घरची शिस्त ठेवावी. मुलांची वाट वडाच्या फांद्यांच्या बाहेरून दहा-पंधरा पावलांनी वळवावी. त्याला एक दिवसाचे श्रमदान पुरे. त्या झाडाखाली मुलांनी खेळू नये, डबा खाऊ नये. खाली पडलेले, दात लागलेले फळ खाऊ नये, नुसते धुऊनही खाऊ नये, पुरून टाकावे. झाडावरची फळे धुऊन, सोलून खावी. पाण्याचे हंडे, टाक्या झाकून ठेवाव्या. माळ्यावर किंवा पडक्या खोलीत पाकोळ्यांची लेंडी साचली असेल तर कोरडी झाडू नये, तिची धूळ छातीला वाईट. पाणी शिंपडून, तोंडाला फडके बांधून मग काढावी. लेण्यांची सहल जाईल तेव्हा अंधाऱ्या खोल्यांत शिरून आरडाओरडा करू देऊ नये. मेलेले किंवा पडलेले वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये, वनखात्याला कळवावे. आणि कोणाला चावले किंवा ओरखडले, तर लाजू नये, लपवू नये. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पिसाळल्याचा रोग कुत्र्याप्रमाणे वटवाघळामुळेही होऊ शकतो, आणि एकदा झाला की इलाज नसतो.

आणखी एक. वडाच्या आसपास जागा आहे. येत्या पावसाळ्यात मंडळाने तिथून दूर, गावाबाहेरच्या ओढ्याच्या काठी, उंबर आणि वडाच्या फांद्या लावाव्या आणि दोन उन्हाळे त्यांना पाणी घालण्याची पाळी वाटून घ्यावी. पाण्याची आपल्याला किती ओढ आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून मी मोजकीच पाच झाडे सुचवते. आपण लावलेली झाडे मोठी व्हायला पुष्कळ वर्षे लागतील. पण रानात खायला मिळाले की जनावर वस्तीकडे कमी येते, हे बिबट्यानेही शिकवले आणि वटवाघळानेही.

हा विषय पुढच्या सभेत मताला यावा. ज्यांची मुले त्या वाटेने जातात, त्यांनी आधी बोलावे. माझा धाकटाही त्याच वाटेने जातो, म्हणून मी काळजी बाजूला ठेवून बोललेले नाही. कोणाला अजून शंका असेल तर जरूर विचारावी. मला ठाऊक नसेल ते भाचीला विचारून सांगेन.

 आपल्या मंडळाची अशीच भरभराट होवो, अशी रंगदासस्वामींच्या चरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेते.